माठ रुसला की थाप

मी गोठा मागितला, तेव्हा आण्णांनी आधी म्हशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आण्णा म्हणजे माझे वडील. घरात कुणीही काही मागितलं की ते असंच बघतात, म्हशीचं मत घेतल्यासारखं.

मी या घरातली पहिली ग्रॅज्युएट. अंबाजोगाईला राहून बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन, आणि कुणाच्या चिठ्ठीवर नाही, अभ्यास करून. त्यानंतर रेशमावर लाकडी ठशांनी छापायचं आणि झाडपाल्याचे रंग करायचं शिकले. शिकून गावी आले. मला हवी होती ती एक लांबट जागा, वर छप्पर असलेली, वाऱ्याला आडोसा असलेली. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात अशी जागा एकच होती, आणि तिच्यात म्हैस होती.

आण्णांनी म्हैस ओसरीत आणली. पण कायमची नाही. ती गाभण होती. सगळ्यांच्या समोर, म्हणजे माझ्या, मायच्या आणि म्हशीच्या, ते म्हणाले, "म्हैस व्यायच्या आत तुझं काम दिसलं तर गोठा तुझा. न्हाई तर म्हैस आत आन् तू बाहेर."

"काम दिसलं म्हणजे काय?" मी विचारलं. अट नीट कळली पाहिजे.

"रंग निघाला पायजे."

तेव्हापासून आमच्याकडं येणारा पाहुणा आधी म्हशीला नमस्कार केल्यासारखा वाकायचा, कारण तिच्या मानेखालून आल्याशिवाय घरात शिरताच येत नव्हतं. चहाचा कप तिच्या अंगावरून पलीकडं द्यायचा. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. आण्णांना वाटत होतं.

मी कामाला लागले. रेशीम आधी रिठ्याच्या पाण्यात उकळायचं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. माय हे बघून म्हणाली, "हिरडा? कापडाचं पोट साफ करायलीस का?" मी सांगितलं की हिरड्यानं रंग धरतो. ती म्हणाली, "आमच्याकडं तर हिरड्यानं काहीच धरत न्हाई." मायनं स्वतः रेशमाचे किडे पाळलेत, तुतीचा पाला तोडून तोडून तिचे हात खरखरीत झालेत, पण कोष विकला की तिचा रेशमाशी संबंध संपत होता. त्याच्यापुढं इतकं काही असतं हे तिला पटत नव्हतं.

मंजिष्ठेच्या मुळांचा लाल निघाला, चांगला निघाला. मी आण्णांना दाखवला. "लाल तर कुंकूबी हाय," ते म्हणाले. मग काळा काढला. ऊसतोडीहून आलेल्या बैलांच्या खुरांच्या झिजलेल्या लोखंडी पत्र्या गोळा केल्या, गुळाच्या पाण्यात कुजत घातल्या, त्याचा काळा होतो. तोही दाखवला. "काळं तर तवाबी हाय," ते म्हणाले. "निळं काढून दाखव. निळं कुठं हाय गावात? आभाळ सोडून."

म्हणजे अट आता निळ्यावर आली.

निळीचा रंग इतर रंगांसारखा नसतो. ती पाण्यात विरघळतच नाही. तिला माठात चुना आणि गूळ घालून, झाकून, उबेला ठेवायचं. माठ जमला की पाणी पिवळट हिरवं होतं आणि वर तांबूस झाक मारणारा फेस येतो. त्याला रंगारी फूल म्हणतात. त्या पाण्यात कापड बुडवायचं. माझ्याकडं सीताफळाचा ठसा होता, नुसते सीताफळाचे डोळे. माती, डिंक आणि चुन्याचा लगदा करून तो ठसा रेशमावर उठवायचा, वरून मुठीनं एक थाप मारायची, म्हणजे कोपऱ्यापर्यंत नीट बसतो. जिथं लगदा, तिथं रंग शिरत नाही. बाकी सगळं निळं, डोळे पांढरे. कागदावर हे फार सोपं आहे.

मी माठ गोठ्यात जमिनीत पुरला. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडली होती. माठावर फूल आलं नाही. पाणी राखाडी झालं आणि त्याला असा वास सुटला की म्हैस ओसरीतून गोठ्याकडं बघेना. मी गूळ वाढवला, चुना तपासला, ढवळलं, ढवळायचं थांबवलं. काही नाही. आण्णा रोज सकाळी दारातून डोकावून म्हणायचे, "आभाळ उगवलं का?"

मग मी आष्टीतल्या चाचांना फोन केला. चाचा जुने रंगरेज. त्यांच्या घरी पूर्वी निळीचे माठ होते, आता त्या जागी नातवाचं मोबाईलचं दुकान आहे. चाचांना स्वतःबद्दल कमी बोलता येत नाही. त्यांनी फोन उचलला नाही आणि मी बाजारला गेले असताना उलट केला. तो मायनं घेतला.

मी परत आले, तर माय माठाजवळ फतकल मारून बसलेली, आणि माठाच्या काठावर हळूहळू थापा मारतेय, पाळण्यातल्या लेकराला निजवताना मारतात तशा.

"माय, काय करतीस?"

"चाचा म्हणले, माठ बिगडला की थाप मारावी लागती. मी जोरात मारली न्हाई, फुटंल म्हणून."

"कवापासून मारतीस?"

"तू गेल्तीस तवापासून. हात भरून आला."

दुसऱ्या दिवशी चाचा टमटमनं आले, सोबत स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. दुसऱ्याच्या खुर्चीवर त्यांची कंबर दुखते म्हणे. म्हशीच्या मानेखालून खुर्ची आत नेताना त्यांनी म्हशीला "जरा सरक, बेटा" म्हणलं. गोठ्यात येऊन त्यांनी माठात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. मला वाटलं झोपले.

"मरला न्हाई," ते म्हणाले. "रुसलाय. नील बिगड्या."

"म्हणजे काय करायचं?"

"थाप मारायची."

"काल लई मारल्या," माय म्हणाली.

"हाताची न्हाई, भाभी. तोंडाची." आणि त्यांनी सांगितलं की त्यांच्या वाडवडलांपासूनची ही रीत आहे. निळीचा माठ बिघडला की रंगरेजानं गावात एक थाप सोडायची. साधी नाही, ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा अशी. सांगताना हसायचं नाही. कुणाचं नुकसान होईल असं सांगायचं नाही. ती थाप गावभर फिरून, दुसऱ्याच्या तोंडून सांगणाऱ्याच्या कानावर परत आली की माठ सुधरतो. त्यांच्या अब्बांनी एकदा सोडलं होतं की तळ्यातून उंट निघाला. "चार गावचे लोक तळ्यावर," चाचा म्हणाले, "आन् इकडं माठात असं फूल, असं फूल, जसा दुधाला फेस."

"चाचा, मी केमिस्ट्रीची ग्रॅज्युएट आहे."

"मंग केमिस्ट्रीबी कर. कोन रोकतंय? पण थाप सोड."

मी खोटं बोलत नाही. गुण म्हणून सांगत नाही, सवय आहे. पण म्हशीचं पोट खाली उतरलं होतं, आण्णा गोठ्याची लांबी पावलांनी मोजायला लागले होते, आणि थाप सोडायला गूळसुद्धा लागत नव्हता. मी ठरवलं, दोन्ही करायचं. माठाभोवती खड्डा करून ओलं ताजं शेणखत दाबून भरलं, वर बाजरीच्या वाळक्या ताटांचं सरमाड आणि पोती टाकली, म्हणजे आतून ऊब धरेल. ही माझी केमिस्ट्री. आणि दळण घेऊन गिरणीवर गेले.

गिरणीवर बायका बसलेल्याच असतात. मी पीठ चाळल्यासारखं करत म्हणलं, "आमची म्हैस आता संडास वापरती."

एकीनं डोकंसुद्धा वर केलं नाही. "शिकलेल्याच्या घरातली हाय," ती म्हणाली. "वापरंलच." दुसरी म्हणाली, "आमच्या सासऱ्याला शिकवा म्हणावं तिला."

संपलं. थाप तिथंच बसली, उठलीच नाही.

पुढच्या दळणाला मी मोठी काढली. म्हणलं, नारायणगडाकडं एका सीताफळाच्या झाडाला नारळ लागलेत. आता गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. मला वाटलं, लागली. तो म्हणाला, "संकरित असंल."

"सीताफळाला नारळ?"

"काय काय काढायलेत आता. रोप मिळंल का एखादं?"

मी घरी आले आणि चाचांना फोन केला. म्हणलं, इथं लोकांना कशाचंच नवल वाटत नाही, तुमच्या अब्बांचा काळ वेगळा होता. चाचा म्हणाले, "तुझी थाप लंगडी हाय, बेटा. लोकाला जे पायजे असतंय, तेच पळतंय. उंट पायजे होता तवा लोकाला."

"कावून पाहिजे होता?"

"आता ते मला काय म्हाईत? मी लहान होतो."

तिसऱ्यांदा गेले, तेव्हा मी ठरवूनच गेले की आता बोलायचंच नाही. मला खोटं येत नाही हे सिद्ध झालं होतं, आणि जे येत नाही ते मी करत नाही. पण तिथली एक म्हातारी माझ्या हाताकडं बघत होती. माठ जमला नव्हता तरी नखं निळी झाली होती.

"हे काय गं लावून घेतलंस?"

मग मी खरं ते सांगितलं. म्हणलं, आजी, हा असा रंग आहे की कापड माठातून काढलं की हिरवं असतं. मग तुमच्या डोळ्यासमोर ते आपोआप निळं होत जातं. कुणी हात लावायचा नाही, काही घालायचं नाही.

"कुणासमोर?"

"कुणाच्याबी समोर."

"असं नुसतं उभं राह्यलं की?"

"हो."

एकीनं पदर तोंडाला लावला. गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला आणि रोप मागितलं नाही.

त्याच आठवड्यात आण्णा पारावरून आले ते ताडताड चालत. म्हशीच्या मानेखालून वाकायचं विसरले आणि तिच्यावर आपटले. "तू एवढी शिकलेली," ते मला म्हणाले, "आन् तुला म्हाईत न्हाई?"

"काय?"

"आपल्या आष्टीकडं कुण्या गावात एका पोरीकडं कापड हाय. हिरवंगार. खोटं बोलणारा माणूस समोर आला की निळं पडतंय. मोबाईलवरबी आलंय. लोक गाड्या करून चाललेत."

माय माझ्याकडं बघायला लागली. मी आण्णांकडं.

"आण्णा, ते आपल्याच गोठ्यात आहे."

"कुठं?"

"तुमच्या मागं."

त्यांनी मागं वळून बघितलं, जणू एवढे दिवस तिथं दुसरंच काही होतं. "तुझं व्हय?" ते म्हणाले. "मंग त्यात काय एवढं," आणि जेवायला बसले.

मी चाचांना कळवलं. त्यांना आनंद झाला, पण मायनं फोन हिसकावून घेतला. तिला शंका होती. एक तर पोरगी खरं बोलली होती, मग ती थाप कशी? आणि दुसरं, परत आली ती घरच्याच माणसाच्या तोंडून, ते चालतं का? चाचांनी फोनवर बराच विचार केला. शेवटी निकाल दिला की गेली तेव्हा सच असंल, आली तेव्हा झूट होती, आणि माठ जाताना बघत नाही, येताना बघतो. आणि आण्णा म्हशीवर आपटले होते, म्हणजे त्या वेळी ते घरात नव्हते, म्हशीत होते. ते बाहेरचेच धरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोती उचलली. पाणी पिवळट हिरवं. वर तांबूस फूल, इतकं दाट की मला हात लावायचा धीर होईना. शेणखतात हात घातला, तर चांगलं तापलेलं होतं. मी सांगते, ऊब लागली आणि माठ जमला. चाचा सांगतात, थाप लागली. यावर आमचं आजही एकमत नाही, आणि मला करायचंही नाही.

कापड बुडवायचं त्या दिवशी चाचा खुर्ची घेऊन आले. ते येणारच होते. पण त्यांच्या पाठोपाठ गिरणीवाला आला, गिरणीवरच्या सगळ्या बायका आल्या, आणि एक जीप येऊन थांबली. तीतून अंबाजोगाईकडची एक बाई उतरली, धिप्पाड, कपाळावर आठ्या. तिच्या मागून तिचा जावई उतरला, तोंडावर रुमाल धरून.

"ते कापड इथंच हाय ना?" बाईनं विचारलं. "याला उभा करायचाय. तंबाखू सोडली म्हणतो."

मी सांगितलं की असं काही नसतं. ती म्हणाली, "न्हाई न्हाई, तुमी तुमचं काम करा, आमी नुसते उभे ऱ्हातो."

म्हैस ओसरीत सकाळपासून अस्वस्थ होती, पाय बदलत होती. आण्णांचा एक डोळा तिच्यावर. आज तिची वेळ आहे हे सगळ्यांना कळत होतं. मी रेशीम माठात सोडलं, हळू, म्हणजे सीताफळाच्या डोळ्यांवरचा मातीचा लगदा सुटू नये. धरलं, हलवलं, मग दोन्ही टोकांनी वर काढून दोरीवर टाकलं.

हिरवं. पोपटाच्या पिसासारखं हिरवं, टपटप गळणारं.

"बोल," बाई जावयाला म्हणाली. "सोडली का?"

जावई कापडाकडं बघत राहिला. रुमाल तोंडावर तसाच. त्याला कुणीतरी सल्ला देऊन पाठवलं असावं, किंवा तो मुळातच हुशार असावा. त्यानं तोंडच उघडलं नाही.

चाचा खुर्चीतून म्हणाले, "आण्णा, निळं निघालं की गोठा पोरीचा, असा शब्द हाय ना तुमचा?"

आण्णांनी ओसरीकडं बघितलं. म्हैस आता हुंकारायला लागली होती. मग त्यांनी जमलेल्या लोकांकडं बघितलं, आणि लोकांसमोर शब्दात अडकणं त्यांना कधीच आवडत नाही.

"मी कुठं असा शब्द दिला?" ते म्हणाले. "मी म्हणलो, बघू. गोठा म्हशीचाच हाय."

आणि कापडाच्या वरच्या काठाला, जिथं पाणी आधी निथळलं होतं, निळी रेघ उमटली. ती खाली सरकायला लागली. हिरवं मागं हटत होतं, निळं पुढं येत होतं, दोरीपासून खालच्या टोकापर्यंत. जावयानं इतका मोठा श्वास सोडला की रुमाल उडाला. बाकी सगळे आण्णांकडं बघत होते.

मी मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणलं, ही हवा आहे. माठात नीळ विरघळलेली असते, हवेतला ऑक्सिजन लागला की पुन्हा निळी होते. इथं कुणी काहीही बोललं असतं, किंवा बोललं नसतं, तरी झालं असतं.

"मंग आण्णा बोलायच्या आधी कावून न्हाई झालं?" गिरणीवाला म्हणाला.

"त्याला थोडा वेळ लागतो."

"हां," तो म्हणाला. "खोटं बोलूस्तवर वेळ लागतोच."

"आन् हवा तर आमालाबी लागती," म्हातारी म्हणाली. "आमी कुठं निळं पडलो?"

आण्णांना केमिस्ट्री येत नाही, पण मी काय म्हणाले ते त्यांना कळलं होतं, याची मला खात्री आहे. त्या गोठ्यात माझ्यावर विश्वास ठेवणारे तेवढे एकच होते आणि त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. ते कापडाकडं बघत होते. कापड निळं होतच होतं, थांबायचं नाव नाही, जितका वेळ जाईल तितकं गडद. प्रत्येक क्षणाला त्यांचं खोटं वाढत चालल्यासारखं दिसत होतं.

"म्हणलो असंन," ते शेवटी म्हणाले.

"म्हणलो असंन न्हाई," माय म्हणाली. "म्हणलात. म्हैस ऐकत होती."

"बरं, म्हणलो."

तेवढ्यात ओसरीतून आवाज आला आणि आण्णा पळाले. अर्धे लोक त्यांच्यामागं पळाले, कारण जीप करून आलेल्या माणसाला जे दिसेल ते बघायचंच असतं. म्हैस ओसरीतच व्यायली, पायरीवरच्या चपलांशेजारी. वगार झाली. अंबाजोगाईच्या बाईनं बाह्या सारून मदत केली, तिला त्यातलं चांगलं कळत होतं. जावई एका कोपऱ्यात उभा राहून शांतपणे तंबाखू मळत होता. कापड आता पूर्ण निळं झालेलं, त्याला त्याची भीती उरली नव्हती.

कापड वाळल्यावर मी ते धुतलं. लगदा सुटला आणि सीताफळाचे डोळे पांढरे उघडले. कोपऱ्यातले दोन जरा पसरले होते, तिथं माझी थाप कमी पडली होती. मुठीची.

आण्णांनी म्हशीला गोठ्याला लागूनच नवीन पत्र्याचं शेड घातलं. आमच्या घराला नाही तेवढी मोठी खिडकी त्याला आहे. गोठा माझा झाला, दाराला कडी माझी, माठ माझा, आता शेजारी दुसराही पुरलाय. कापड काढायची वेळ झाली की आण्णा अजून येतात. त्यांना ते हिरव्याचं निळं होताना बघायला आवडतं, कबूल करत नाहीत. येऊन दारात उभे राहतात, पण ओठ घट्ट मिटून. काही विचारलं तर हातानं थांब म्हणतात, पलीकडं म्हशीच्या शेडमध्ये जातात, आणि तिथून ओरडून उत्तर देतात.